संशोधनपत्रिकेत लेखक, समीक्षक आणि माहितीदारांची ओळख कशी जपावी

लेखकाचे नाव समीक्षकाला कळते ते बहुतेक वेळा फाइलमधूनच. पहिल्या पानावरचे नाव खोडलेले असते, पण वर्डच्या पोटात ते तसेच असते. दोन्ही बाजूंची नावे गुप्त ठेवून समीक्षा करायची असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

१. आलेल्या फाइलची आधी प्रत काढा. पुसलेली माहिती परत मिळेलच असे नाही. प्रतीमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असे जा आणि 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन'पुढचे 'रिमूव्ह ऑल' दाबा.

२. मग लेख स्वतः वाचा. आभार, प्रकल्प क्रमांक, 'माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे' अशी तळटीप, या गोष्टी यंत्राला दिसत नाहीत. चित्रेही बघा. वर्डमध्ये क्रॉप केलेल्या चित्राचा झाकलेला भाग फाइलमध्येच राहतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये क्रॉप केलेला भाग डिलीट करण्याचा पर्याय निवडला तरच तो जातो. पीडीएफमध्ये नावावर नुसता काळा चौकोन काढून काही साधत नाही. खालचा मजकूर सिलेक्ट करून सहज कॉपी होतो.

३. समीक्षकाकडून परत आलेली फाइलही याच चाळणीतून काढा. घाईत हे हमखास राहून जाते. ट्रॅक चेंजेसमधल्या प्रत्येक दुरुस्तीला समीक्षकाचे नाव चिकटलेले असते. वरच्याच कृतीने त्या जागी 'ऑथर' येते. फाइलच्या नावात त्याची आद्याक्षरे असतील तर तेही बदला. समीक्षकाची मेल लेखकाला कधीही फॉरवर्ड करू नका, अभिप्राय नव्या मेलमध्ये उतरवून पाठवा.

४. सर्वांत जास्त जपायचे ते लेखात ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्या माणसांना. पत्रिकेशी त्यांचा कधीच संपर्क येत नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने संपादकानेच बघायचे. गावाचे नाव, वय ४२, विधवा, अंगणवाडी सेविका एवढे छापले की नाव न देताही सगळ्या गावाला बाई कळते. गावाऐवजी जिल्हा लिहायला सांगा, ४२ ऐवजी 'चाळिशीतील'. वैधव्याचा विषयाशी संबंध नसेल तर तो उल्लेखच काढायला लावा. रुग्णाच्या फोटोत डोळ्यांवर पट्टी मारणे पुरेसे नाही, असे वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती स्पष्ट सांगते. ओळख पटण्यासारखी असेल तर रुग्णाला लेख दाखवून लेखी संमती घेतलेली हवी.

५. ओपन जर्नल सिस्टम्स (पत्रिकेचे काम ऑनलाइन चालवण्याची संगणकप्रणाली) वापरत असाल तर गोपनीयतेचे निवेदन तयारच मिळते. नावे आणि ईमेल पत्रिकेच्या कामापुरतेच वापरू, असे त्यात वचन असते. त्याच ईमेलवर परिषदेचे निमंत्रण पाठवले की ते वचन मोडले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे हवे. म्हणून खाते बंद करण्याची विनंती कुठे करायची ते निवेदनात लिहा. अशी विनंती आली की 'मर्ज युजर' (एक खाते दुसऱ्यात विलीन करण्याची सोय) वापरताना जपून: त्या खात्यातले लेख आणि समीक्षा दुसऱ्या खात्याच्या नावावर जातात. त्यासाठी एक रिकामे, निनावी खाते वेगळे ठेवा. छापून आलेल्या लेखावरचे लेखकाचे नाव मात्र या विनंतीने निघत नाही, हेही त्याच निवेदनात आधीच सांगून ठेवा.