गाडी मागून उचलताना या चुका टाळा

जुनी थार किंवा बोलेरो मागून दोन इंच उचलून घेतली, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून उंची कायमची वाढवली, की तक्रारी ठरलेल्या असतात: घोडबंदरच्या खड्ड्यात मागून 'टक' आवाज, पाम बीच रोडला साठच्या पुढे खालून थरथर. दोष बहुतेक वेळा उंची वाढवणाऱ्या किटचा नसतोच. काम तपासलेलं असतं सपाट फरशीवर. चाक पूर्ण लोंबतं किंवा पूर्ण वर दबतं, तेव्हा काय होतं हे कोणी बघितलेलंच नसतं.

आधी माप. जमिनीपासून घेऊ नका, टायरमधल्या हवेने ते बदलतं. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांचं घ्या आणि लिहून ठेवा.

लांब शॅकल (पाटा स्प्रिंगचं मागचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) स्वस्त पडतो म्हणून तोच सर्रास लावला जातो. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी उचलली जाते साधारण एक इंच. शिवाय पाट्याचं मागचं टोक खाली गेल्यामुळे ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या दांड्याचं, तोंड वर होतं. थरथर येते ती इथूनच. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (वळता सांधा) असलेल्या शाफ्टला दोन्हीकडचे फ्लँज, म्हणजे जोडाच्या चकत्या, समांतर हवेत. मोबाइलच्या लेव्हल ॲपने कोन मोजा आणि पाट्याखाली लोखंडी पाचर घालून फरक काढा. ॲल्युमिनियमची पाचर कालांतराने चेपते.

पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेल्या आट्यांचा भरवसा नाही, आणि जादा पाटा घातला की जुने लांबीलाही कमी पडतात. कसण्याआधी पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसलंय का, हे बोटाने चाचपून बघा. नाहीतर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र बुशची, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांची. गाडी जॅकवर, चाकं लोंबलेली, आणि मेकॅनिक सगळे बोल्ट करकचून आवळून मोकळा! रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं, बसणं कडक होतं आणि काही महिन्यांत बुश फाटतो. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट ढिले ठेवून गाडी चाकांवर उतरवा, मागून तीन-चारदा दाबा, मग कसा. पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असलेली नवी थार किंवा जिम्नी असेल, तर ॲक्सलला जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉड आणि आर्मच्या बुशलाही हाच नियम.

आता ती विसरलेली तपासणी. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवून ॲक्सल पूर्ण खाली सोडा. ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर, ॲक्सलची ब्रीदर (हवा जाण्याची) नळी, एकही ताणलेली नको. कॉइलच्या गाडीत स्प्रिंग बैठकीतून सुटत नाही ना, तेही बघा. मग एक चाक रॅम्पवर चढवा. ॲक्सल बम्प स्टॉपला (चासीखालच्या रबरी ठोकळ्याला) टेकला तरी शॉकअपमध्ये दबायला 15 ते 20 मिलिमीटर शिल्लक हवेत. शॉकअप आधी संपला, तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्याच्या बोल्टवर जातो.

ज्या गाडीत चासीवरच्या ब्रेक वॉल्व्हला ॲक्सलचा रॉड जोडलेला असतो, तिथे खास जपा. ॲक्सल लांब गेला की वॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. माळशेज उतरताना, तेही भर पावसात, हे जिवावर बेतू शकतं. ॲक्सलवरचा कंस गाडी जेवढी उचलली तेवढा वर घ्या.

फक्त मागून उचललं तर पुढचा कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग मोकळं वाटतं, म्हणून अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही तपासून घ्या.

नोंदणीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. कलम 182 ए नुसार मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे गुंतवण्याआधी ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओत विचारा.

यू-बोल्ट 100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने कसा, आणि 500 नंतर आणखी एकदा. पाटे एकमेकांवर बसतात तसे नट ढिले पडतातच.