ओळखी काढायला जीव कचरतो, त्यांच्यासाठी

पहिल्या परिषदेत मधल्या सुट्टीचा अर्धा तास मी भिंतीवरची आग विझवण्याच्या यंत्राची सूचना वाचत काढला. दोनदा वाचली. मोबाइलची बॅटरी संपल्यामुळे कामात असल्याचं सोंगही करता येईना.

खरी अडचण लाजेची नव्हती. नेटवर्किंग म्हटलं की माझ्या डोक्यात थेट ‘वशिला’ यायचा. पुढे लक्षात आलं, वशिल्यात समोरच्याकडून काम करून घ्यायचं असतं. मला हवी होती माहिती, आणि ती विचारण्यात लाचारी नसते.

पुढच्या वर्षी आयोजकांना मेल टाकून नोंदणीच्या टेबलावर बसायचं काम मागून घेतलं. हा उपाय मी सगळ्यांना सांगतो. लोक आपणहून समोर येतात, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आपलं नाव?’ दुपारी तेच चेहरे ओळखीचं हसतात. टेबल मिळालं नाही तर लवकर जा. सभागृहात चारच माणसं असतात, घोळके जमलेले नसतात.

मेसेजचं तंत्र मात्र चुकत चुकत कळलं. ‘सर, करिअरबद्दल मार्गदर्शन कराल का?’ असं मी बऱ्याच जणांना लिहिलं. कुणाचंही उत्तर नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाला सुरुवात तरी कुठून करणार? मग एका वक्त्यांना लिहिलं, ‘डेटा नव्या सिस्टीमवर नेताना जुनी सिस्टीम किती दिवस चालू ठेवलीत?’ संध्याकाळी चार ओळी आल्या. मी तसं करून पाहिलं आणि महिन्याभराने काय झालं ते कळवलं. हे कळवणं फार कमी लोक करतात. आठ महिन्यांनी त्यांनीच एका जागेची लिंक पाठवली. आमची प्रत्यक्ष भेट तोवर झालीही नव्हती.

हा निव्वळ योगायोग नव्हता. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यांनी विचारलं, त्या सुमारास त्या व्यक्तीशी गाठ किती वेळा पडायची? ‘वारंवार’ म्हणणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले, ‘अधूनमधून’ ५५.६ आणि ‘क्वचित’ २७.८ टक्के. पाहणी छोटी होती, पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर येते ती लांबच्या वर्तुळातून. म्हणजे आपल्यासारख्यांना घट्ट दोस्ती जमवायची गरजच नाही. जुने सहकारी, एकदाच भेटलेली माणसं यांच्याशी वर्षातून दोन-तीनदा बोलणं झालं तरी पुष्कळ.

बोलणं संपवता येईना म्हणूनही कित्येक जण सुरूच करत नाहीत. त्यासाठी माझं एकच वाक्य आहे: ‘बरं वाटलं बोलून, आता जरा पुढचं सत्र गाठतो.’ आणि मग खरंच सत्राला जायचं, कारण दहा मिनिटांनी तीच व्यक्ती लिफ्टपाशी भेटते. मला भेटली आहे.