राज्यसेवेची तयारी थांबवून वकिलीकडे वळताना

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत पुन्हापुन्हा अडखळणाऱ्या मुलामुलींना आणखी एकदा जोर लावून पाहण्याचा सल्ला सगळीकडून मिळतो. तो दर वेळी चुकीचा असतो असे नाही. मात्र निकालात नाव नसल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच अभ्यासिकेत, त्याच खुर्चीवर जाऊन बसणे हा बहुतेकांसाठी सर्वांत सोपा मार्ग असतो, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मी काही वर्षे पुण्यात शास्त्री रस्त्यालगतच्या एका अभ्यासिकेत काढली, त्यानंतर एलएल.बी. केले आणि आता मराठवाड्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो. या वळणावर उभ्या असलेल्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याची खोली, मेसचा डबा आणि गावाहून येणारे मोजके पैसे यांत सुख शोधणे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. तरीही त्या आयुष्यात एक मोठी सोय असते. सध्या काय करतोस, या प्रश्नाला ‘तयारी करतोय’ हे उत्तर पुरते आणि ते आदराने स्वीकारलेही जाते. परीक्षा झाली की उत्तरतालिकेची वाट पाहायची, मग कट-ऑफची चर्चा, मग पुढची जाहिरात. या चक्रात वर्ष कधी सरते ते कळत नाही. अपयश आपल्यासारख्याच अनेकांच्या वाट्याला आलेले असते, त्यामुळे संध्याकाळच्या चहापर्यंत त्याची धार बोथट होते. बाहेरच्या जगात मात्र तेच अपयश एकट्याने सांगावे लागते. खरी भीती या एकटेपणाची असते, आणि धैर्य लागते ते याच ठिकाणी.

निर्णय निकालानंतर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. निकालाच्या आठवड्यात मन एक तर पूर्ण खचलेले असते किंवा ‘दोनच गुणांनी राहिले’ या विचाराला चिकटून बसलेले असते, आणि दोन्ही अवस्थांत हिशेब नीट होत नाही. म्हणून परीक्षेच्या आधीच, डोके शांत असताना, या वेळी झाले नाही तर काय करायचे हे कागदावर लिहून घरच्यांना सांगून ठेवावे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. भाषेचे दोन पात्रता पेपर धरून नऊ पेपर, गुणवत्तेसाठी १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ गुण असे तिचे स्वरूप आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांवर ज्यांची सारी मांडणी उभी होती, त्यांना वैकल्पिक विषय आणि लेखनाचा सराव जवळपास मुळापासून उभारावा लागतो. त्यामुळे थांबावे की नव्याने सुरुवात करावी, याचा विचार करण्यासाठी हा टप्पा योग्य आहे.

घरी सांगण्याचा प्रसंग मला सर्वांत जड गेला. बाबांनी रागावण्याऐवजी शांतपणे विचारले, “म्हणजे आजवरचं सगळं वाया गेलं का?” त्या क्षणी माझ्याकडे नीट उत्तर नव्हते, ते पुढे कामातून मिळत गेले. मोठ्या दादाने मात्र पैशांचा प्रश्न लगेच काढला, आणि तोच खरा महत्त्वाचा होता. पुढची तीन वर्षे शिक्षणाची आणि त्यानंतरचा काही काळ अत्यल्प कमाईचा असेल, हे त्याच बैठकीत उघडपणे बोलून घेतल्यामुळे नंतर कोणाच्या मनात अढी राहिली नाही.

प्रवेशाची वाट तुलनेने सरळ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला राज्याच्या विधी सीईटीतून, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेतून, तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेता येतो. त्यासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण लागतात. सीईटी बहुपर्यायी असते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून तयारीतून आलेल्या उमेदवाराला ती अवघड वाटत नाही. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार कायद्यात ठरवलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क आकारता येत नाही. त्यापुढे अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला एका वाटणीच्या दाव्यात सापडले. एक वयस्कर मावशी घडी घालून जीर्ण झालेला सातबारा घेऊन मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होतो त्या सीनियर वकिलांकडे आल्या. वडील वारल्यावर वारस म्हणून फक्त भावांची नावे लागली होती. सीनियरांनी कागद माझ्याकडे सरकवून मत विचारले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, हे मला तयारीमुळे तोंडपाठ होते. पण सीनियरांनी पुढचे प्रश्न विचारले तेव्हा मी गप्प झालो. वारसांची नावे लावणाऱ्या नोंदीचा फेरफार क्रमांक कोणता? मावशींनी कधी हक्कसोडपत्रावर सही केली आहे का, आणि केली असल्यास ते नोंदणीकृत आहे का? २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झाले होते का, कारण तसे वाटप या दुरुस्तीने बदलत नाही? शिवाय फेरफार नोंद ही महसुलाची नोंद असून तिने मालकी सिद्ध होत नाही, हेही त्यांनी तिथेच समजावले. अभ्यासाने मला कायदा दिला होता, आणि तो एका माणसाच्या कागदाला लावून पाहणे इथे शिकायचे होते. वाया काहीच गेले नव्हते, एवढे त्या दुपारी पक्के कळले.

सुरुवातीचा काळ कठीण असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्युनिअरच्या वाट्याला बहुधा मुदतीचे अर्ज देणे, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून ठेवणे आणि पुकारा झाला की सीनियर येईपर्यंत उभे राहणे हीच कामे येतात. वर्षानुवर्षे मुकाट्याने वाचण्याची सवय झालेल्या माणसाला भर न्यायालयात दोन वाक्ये बोलतानाही घाम फुटतो. तालुका पातळीवर अर्ज, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि साक्षीपुरावा मोठ्या प्रमाणात मराठीत चालतो, ही आपल्याकडच्या मुलांसाठी मोठीच जमेची बाजू आहे. १ जुलै २०२४ रोजी जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतर तर बार रूममधले ज्येष्ठ वकीलही खुनासाठी कलम ३०२ च्या जागी १०३ आणि फसवणुकीसाठी ४२० च्या जागी ३१८ असे नवे आकडे लक्षात ठेवू लागले. उशिरा आलेल्याला इतका बरोबरीचा प्रारंभ क्वचितच मिळतो. पैशांबाबत मात्र सावध राहावे. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले, पण ते बंधनकारक नाही. म्हणून सीनियर निवडताना काम किती शिकवतात आणि महिन्याला काय देतात, हे दोन्ही संकोच न करता विचारावे.

न्यायाधीश होण्याच्या इच्छेने या क्षेत्रात येणाऱ्यांनी एक नियम आधीच समजून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. पदवी हाती येताच पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

अजून मन तयार होत नसेल, तर पुस्तके विकण्याची किंवा खोली सोडण्याची घाई करू नये. न्यायालयाचे कामकाज सर्वांसाठी खुले असते. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जवळच्या दिवाणी न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे, मोबाइल बंद ठेवावा आणि एखादा उलटतपास सुरू असेल तर तो पूर्ण ऐकावा. मधल्या सुट्टीत बाहेर चहाच्या टपरीवर नुकतीच सनद (वकिलीचा परवाना) मिळालेले वकील भेटतात. त्यांच्याशी कमाईपासून कामाच्या वेळेपर्यंत सगळे विचारून घ्यावे, कारण ते दिवस ताजे असल्याने ते मोकळेपणाने सांगतात.