रोज वॉक करूनही बीपी काहून वाढून राहिलं? नागपूरकरांसाठी मीठ अन् धुराचा हिशेब

आमच्या बाबांचं हिवाळ्यातलं रूटीन सांगतो. पहाटे साडेपाचला कानटोपी घालून निघायचं, ग्रुपसोबत रिंग रोडच्या कडेकडेनं तासभर चालायचं, अन् परतताना ठेल्यावर एक प्लेट तर्री पोहे, वरून मूठभर शेव, "अजून थोडी तर्री दे रे" आणि मग घरी. वॉक झाला म्हणून मन खुश. बीपी मात्र १५२/९४. मी काही बोललो की म्हणायचे, "मी तर रोज चालतो बाप्पा, मशीनच खराब आहे तुमची."

मशीन बरोबर होती. मी काही डॉक्टर नाही पण बाबांपायी यात बरंच डोकं घातलं, तर जे समजलं अन् घरी करून पाहिलं ते लिहितो. आणि आधीच सांगतो, चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक पातळ अस्तर असतं, पेशींचा एकच थर, त्याला एंडोथेलियम म्हणतात. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यानं वाहिनी सैल पडते, रक्त आरामात जातं (या शोधाला १९९८ चं नोबेल आहे). मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मीठ या अस्तरालाही ताठ करतं. आणि धुरातले पीएम २.५ कण, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा वीसेक पट बारीक, ते फुप्फुसात खोलवर जाऊन सूज आणतात, वाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात आणि हाच नायट्रिक ऑक्साइड कमी करतात. म्हणजे बाबा एका सकाळी एकाच अस्तरावर दोन वार करून घेत होते, धुराचा चालताना अन् मिठाचा खाताना.

आता करायचं काय. पहिले बीपी नीट मोजा, कारण अर्ध्या घरांत तेच चुकतं. चहा, सिगरेट, खर्रा यातलं काही घेतलं असेल तर अर्धा तास थांबायचं. खर्रा मुद्दाम लिहिला, लोकांना वाटते की धूर नाही तर काय होते, पण तंबाखूतलं निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं अन् बीपी तेवढ्यापुरतं वर नेतं. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला, कफ उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही. एक मिनिट सोडून दोनदा मोजा अन् दोन्ही आकडे लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहून राहिली तर डॉक्टरला दाखवायचं.

मग मीठ. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पोळीतलं, भाजीतलं, लोणच्यातलं सगळं आलं. आता रोज कोण मोजत बसणार, म्हणून आम्ही सोपं केलं, आईनं मिठाच्या नव्या पुड्यावर मार्करनं तारीख लिहिली. चार माणसांचं घर असेल तर एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. ३० दिवसांत संपला म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं, आणि बाहेरचं खाणं तर त्यात धरलंच नाही. आमचा पुडा महिनाभरही टिकला नव्हता. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही, तिला वाटलं तिच्या हातावर बोट ठेवलं.

खरं तर तिच्या भाजीत मीठ ठीकच होतं. घोळ होता वरून घेण्यात. पापड (त्यातल्या खारातही सोडियमच असते), लोणचं, ठेचा, ताकात मीठ, संत्र्यावर मीठ!! आणि बाहेरचं फरसाण, शेव, खारी, टोस्ट. आम्ही टेबलावरची मिठाची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली, बस. ताकात जिरं अन् सांबार (पुण्यावाल्यांनो, कोथिंबीर) टाकला, भाजीवर लिंबू पिळलं. आपली जीभ तशीही तिखटाची आहे, हा फायदाच समजा, तिखट अन् आंबट असलं की मीठ कमी आहे ते कळत नाही. पहिला पंधरवडा सगळं फिक्कं लागते, मग जीभ बदलते, आता बाबांनाच लग्नातली भाजी खारट लागते.

सैंधव मिठाचं एक खूळ आलंय, ते गुलाबी असलं तरी बहुतेक सोडियम क्लोराइडच आहे, त्यानं बीपी सुटत नाही. 'लो सोडियम' मीठ वेगळं, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमध्ये हजारो लोकांवर ७५ टक्के साधं अन् २५ टक्के पोटॅशियमवालं मीठ वापरून पाहिलं तर पक्षाघात कमी झाले, २०२१ मध्ये ते छापून आलं. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

वाढवायचं काय ते थोडक्यात. संत्री, केळी, डाळी, कमी फॅटचं दही, पालक, चवळाई, बीट. पालेभाज्यांतल्या अन् बीटातल्या नायट्रेटपासून तोंडातले जंतू अन् मग शरीर तोच नायट्रिक ऑक्साइड बनवते, म्हणून उगाच रोज जंतुनाशक माउथवॉशच्या गुळण्या करू नका. जवस तर आपल्या घरचंच आहे. कॅनडात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या लोकांना सहा महिने रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली तर वरचं बीपी साधारण १० नं कमी निघालं होतं. फक्त जवसाची चटणी करताना मीठ हात आखडून टाका, नाहीतर काय कामाचं.

आता हवा. कोराडी अन् खापरखेड्याची वीज केंद्रं आपल्याला हलवता येत नाहीत, वेळ अन् रस्ता मात्र आपल्या हातात आहे. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि रात्रीचा ट्रकचा धूर, शेकोट्या, झाडून गोळा केलेला पाला जाळतात त्याचा धूर, सगळं तिथंच नाकाच्या उंचीला अडकून राहते. ऊन चढलं की ते वर उठते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी वॉक साडेआठनंतर नाहीतर दुपारी चारच्या सुमारास, आणि मोठ्या रस्त्यावर नाही तर अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन असं झाडांमध्ये. लंडनमध्ये साठीवरच्या लोकांना दोन-दोन तास चालवून पाहिलं, एकदा हाइड पार्कमध्ये अन् एकदा गाड्यांच्या गर्दीतल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. पार्कात चालल्यावर धमन्यांचा ताठरपणा कमी झाला, रस्त्यावर चालल्यावर तो फायदा बहुतेक वाहून गेला. निघायच्या आधी 'समीर' या सरकारी अॅपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) पाहायचा, २०० च्या वर असेल तर त्या दिवशी घरातच चाला. रस्त्यावरून जाणं भागच असेल तर एन-९५, नाकाला घट्ट बसवून. रुमाल बांधल्यानं बारीक कण थांबत नाहीत.

घरातला धूर तर लोक मोजतच नाहीत. एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींएवढे पीएम २.५ निघतात असं मोजलेलं आहे, आणि आपण दारं-खिडक्या लावून ती उशाशी ठेवतो. आमच्याकडे मच्छरदाणी आली. उदबत्ती बंद करायला आई तयार नाही, तर खिडकी उघडून एकच लावते. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू.

बाबांनी वही केली आहे. तारीख, दोन आकडे, अन् बाजूला खूण, बाहेर खाल्लं तर 'त' म्हणजे तर्री, धुरात गेले तर 'ध'. दोन महिन्यांनी डॉक्टरनी पहिले ती वहीच मागितली, गोळी तीच ठेवली. सध्या सरासरी १३२/८४ आहे. रविवारी ते पोहे खातात, शेव नाही, तर्री एकदाच. ठेलेवाला विचारून राहिला, काकाजी तब्येत बरी नाही का?

अन् हो, कधी १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. पण छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, तोंड किंवा हात-पाय एका बाजूला लुळा पडणं यातलं काहीही सोबत असेल तर परत मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा.