पेन्सिलने धुकं काढताय? या चुका टाळा

रोमँटिक शैलीतलं, म्हणजे निसर्गाचं गूढ, भव्य रूप दाखवणारं निसर्गचित्र म्हटलं की काळंकुट्ट आभाळ आणि वेडीवाकडी झाडं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पहिल्याच बैठकीत ६बी ही मऊ, गडद पेन्सिल बाहेर येते. तिथेच घोळ होतो. ६बी जोर देऊन घासली तर काळं होत नाही, ग्रॅफाइट (पेन्सिलीचं शिसं) चकाकायला लागतं आणि जरा बाजूने पाहिलं की काळोख राखाडी दिसतो. त्यापेक्षा २बी या जरा कमी मऊ पेन्सिलीचे हलके थर एकावर एक चढवा.

धुक्याची चूक तर मीही वर्षानुवर्षं केली: बोटाने घासायचं. बोटाचं तेल कागदात मुरतं, मग कितीही खोडा, पांढरं परत येत नाही. शिवाय घासलेलं धुकं मळकट दिसतं. डोंगरातलं धुकं नीट पाहा. माथ्याची कड स्पष्ट असते, पायथा हरवलेला असतो. म्हणून २एच या कडक, फिक्या पेन्सिलीने फक्त वरची कड काढा, छटा खाली उतरता उतरता सोडून द्या आणि मधली पट्टी कोरी ठेवा. मागचा डोंगर पुढच्यापेक्षा फिका हवा.

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) या जर्मन चित्रकाराची पेन्सिल रेखाटनं पाहिली तर त्यांची रेघ किती फिकी आहे याचंच नवल वाटतं. ओकचं एकेक झाड तो प्रत्यक्ष समोर बसून काढायचा, कागदावर तारीख टाकायचा आणि तेच झाड पुढे तैलचित्रात वापरायचा. त्याची ती भुतासारखी झाडं मनातून आलेली नाहीत. फांदी कुठे मोडली, कुठून पुन्हा फुटली, हे त्यात दिसतं. मनाने काढलेली झाडं मात्र सगळी एकाच वळणाची होतात.

आणखी एक खोड म्हणजे रिकाम्या जागेची भीती. आभाळ मोठं वाटलं की आपण लगेच पक्षी उडवतो. फ्रीडरिखच्या ‘समुद्राकाठचा साधू’ (१८०८–१०) या तैलचित्रात रंगाखाली जहाजं सापडली आहेत. काढलेली जहाजं त्याने रंगवून बुजवली. उरला एवढासा साधू आणि डोक्यावर अफाट आभाळ.

चंद्राला बाह्यरेषा नको. कोरा गोल ठेवून भोवती छटा द्या.

आणि धुकं आधीच घासून बसला असाल, तर नीडेड रबर (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) दाबून उचला, फिरवू नका. तरीही उजळलं नाही, तर सरळ रात्र करून टाका. माझी दोन चित्रं अशीच चांदण्यात गेली.