तोंडातून रोबोटिक शस्त्रक्रिया झाल्यावर घरी काय सांभाळायचे

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असलेली कर्करोगाची लहान गाठ, म्हणजे टी१ किंवा टी२ (गाठीच्या आकारावरून ठरणारे सुरुवातीचे टप्पे), जबडा न कापता रोबोटच्या मदतीने तोंडातूनच काढता येते. अमेरिकेत या पद्धतीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. रोबोट आपणहून काही कापत नाही. कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-यंत्रावर, बसलेला सर्जनच तो चालवतो.

घशातली जखम बहुधा टाके न घालता उघडीच ठेवतात. तिच्यावर पांढरट-पिवळा थर धरतो. तो पू नव्हे, खरवडू नका. हा थर साधारण दुसऱ्या आठवड्यात सुटतो, आणि बरे वाटू लागलेले असतानाच रक्तस्राव होऊ शकतो. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले की रुग्णाला बसवा, डोके पुढे झुकवा, रक्त गिळू न देता भांड्यात थुंकायला लावा आणि तडक इस्पितळ गाठा. उताणे झोपवले तर रक्त श्वासनलिकेत उतरते.

नाकातून नळी असेल तर फीड (नळीतून द्यायचे पातळ अन्न) देताना पाठ उभी ठेवा, नंतरही अर्धा-एक तास तशीच. तोंडाने सुरुवात करताना साधे पाणीच जास्त ठसका आणते. दाटसर पेज सोपी जाते. तरी क्रम गिळण्याच्या थेरपिस्टला विचारूनच ठरवा. वेदनाशामक खाण्याच्या अर्धा तास आधी द्या. रक्त पातळ करणारी गोळी सर्जनला विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.