सॅक्स टोमोग्राफी करताना या चुका टाळा

हाडाचा तुकडा न चिरता त्यातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू कुठल्या दिशेला वळलेत हे जागोजागी काढता येतं. 2015 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या स्विस लाइट सोर्स या क्ष-किरण केंद्रावर हाडाचं आणि दाताचं असं मोजमाप झालं. लहान कोनांत विखुरलेले क्ष-किरण पकडायचे आणि त्यांवरून आतली रचना उभी करायची, ही ती सॅक्स (SAXS, म्हणजे लहान कोनांतलं क्ष-किरण विखुरणं) टोमोग्राफी. यात घात असा होतो की मोजणी फसली तरी संगणक काहीतरी रंगीत चित्र काढून देतोच. चूक लक्षात येते तोवर बीमटाइम, म्हणजे केंद्रावर मिळालेला ठरावीक वेळ, संपलेला असतो.

सगळ्यात महागात पडतं ते ट्रान्समिशन, म्हणजे किती किरण आरपार जातात, ते न मोजणं. 12.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला 1 मिलिमीटर भरीव हाडातून साधारण 5 टक्केच किरण पार होतात. विखुरलेले किरणही वाटेत तसेच शोषले जातात. मग जाड भाग फिका दिसतो आणि आपण लिहून मोकळे होतो की तिथे खनिज कमी आहे! बीमस्टॉपमध्ये (डिटेक्टरपुढे थेट किरण अडवणारा छोटा अडथळा) फोटोडायोड, म्हणजे किरण मोजणारा सेन्सर, असेल तर प्रत्येक बिंदूचं ट्रान्समिशन नोंदवाच. आधी विखुरण्याचा आकडा त्याने भागा, पार्श्वभूमी (सॅम्पल नसतानाचं विखुरणं) नंतर वजा करा. क्रम उलटा केला तर गरजेपेक्षा जास्त वजा होतं. सॅम्पल एवढं पातळ घ्या की एक तृतीयांश तरी किरण पार जातील, नाहीतर ऊर्जा वाढवा.

दुसरी चूक विचारातली आहे. साध्या सीटीत एखाद्या ठिकाणची घनता कुठूनही पाहिली तरी तेवढीच भरते. तंतूंचं तसं नसतं. एकाच दिशेने लागलेले तंतू सॅम्पल फिरवलं की वेगळे विखुरतात, म्हणून नेहमीची पुनर्रचना इथे लावली की आकडे खोटे येतात. अपवाद एकच: फिरण्याच्या अक्षाला समांतर दिशेचं विखुरणं कोन बदलला तरी तेच राहतं. तेवढ्यावर भागत असेल तर एक अक्ष पुरे. तंतूंची खरी दिशा हवी असेल तर सॅम्पल तिरकं करूनही फिरवावं लागतं. हा वेळ वाचवायच्या मोहात पडू नका. मला विचाराल तर रिझोल्यूशन थोडं कमी घ्या, पण तिरके कोन सोडू नका.

कोलॅजेनच्या तंतूंवर दर 67 नॅनोमीटरला पट्टे असतात आणि त्यांचं विखुरण्यात एक शिखर दिसतं; डिटेक्टर जवळ ठेवला की ते हरवतं. 0.1 नॅनोमीटर तरंगलांबीला ते 2 मीटरवर मध्यापासून जेमतेम 3 मिलिमीटरवर पडतं, म्हणजे बहुधा बीमस्टॉपच्या आडच. 7 मीटरवर तेच 1 सेंटिमीटरवर येतं. अंतर ठरलं की सिल्व्हर बेहेनेटने (ज्याच्या थरांमधलं अंतर आधीच माहीत आहे अशी पावडर) कॅलिब्रेशन करून घ्या.

हाड पिनेवर चिकटवताना गोंद मोजायच्या भागावर येऊ देऊ नका. तोही किरण विखुरतो. ओलं हाड मोजणीदरम्यान वाळलं तर कोलॅजेनचं ते 67 नॅनोमीटरचं अंतरच घटतं. तेव्हा ते बंद ओलाव्यात ठेवा, किंवा आधीच पूर्ण वाळवा आणि तसं लिहा.

40 गुणिले 40 बिंदू, प्रत्येकी 0.05 सेकंद आणि 240 प्रक्षेपणं (एकेका कोनातून सगळ्या बिंदूंची मोजणी) धरली तर नुसत्या एक्स्पोजरला पाच तास वीस मिनिटं होतात. एवढ्या वेळात सॅम्पल सरकू शकतं, किरणांनी कोलॅजेन बिघडूही शकतं. म्हणून शेवटी पहिलं प्रक्षेपण पुन्हा घ्या. ट्रान्समिशनचं चित्र सरकलेलं दिसलं तर सॅम्पल हललंय, आणि ते संगणकावर जुळवून घेता येतं. चित्र जागच्या जागी, पण कोलॅजेनच्या शिखराची उंची कमी झालेली असेल तर मात्र तो डेटा वापरू नका. डोस कमी करून नव्या तुकड्यावर पुन्हा सुरुवात करा.